तास एकच, सराव रोजचा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज या गावात १९५१ साली एक शाळा सुरू झाली. तिचे विद्यार्थी गावात राहतच नव्हते. शेकडो किलोमीटर विखुरलेल्या पशुपालकांच्या वस्त्यांवर ते राहत, ठरल्या वेळी रेडिओ संचासमोर बसत आणि शिक्षिकेच्या प्रश्नाला तिथूनच उत्तर देत. वह्या-पुस्तके टपालाने, बरेचदा विमानाने येत आणि तपासायच्या वह्या त्याच वाटेने परत जात. 'स्कूल ऑफ द एअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीने पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातला एक मुलगा शिकला. त्याचे नाव मार्टिन डुगियामास. ऑनलाइन वर्ग चालवण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी 'मूडल' ही प्रणाली त्यानेच तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली आली आणि ती सर्वांना मोफत खुली आहे.

रेडिओच्या त्या शाळेत तीन गोष्टी होत्या. ठरल्या वेळी थेट होणारे बोलणे, विद्यार्थ्याच्या हाती असलेले साहित्य, आणि दोन तासांच्या मधल्या दिवसांत एकट्याने करायचा सराव. रेडिओ जाऊन व्हिडिओ आला, टपालाच्या जागी ॲप आले, तरी हे तीन भाग तसेच राहिले आहेत. ऑनलाइन भाषावर्ग रखडतो तेव्हा आपण इंटरनेटला दोष देतो. खरे कारण बहुधा वेगळे असते: या तीन भागांची कामे एकमेकांत मिसळलेली असतात. शिक्षक थेट तासात शब्दार्थ लिहून देत बसतात आणि ज्यासाठी समोर माणूसच हवा ते संभाषण मात्र 'घरी सराव करा' म्हणून ॲपवर सोडून देतात. कोणते काम यंत्राचे आणि कोणते माणसाचे, याची वाटणी नीट झाली तर साधी साधनेही पुरतात.

ऐकू येते, पण ऐकतो कोण?

दुरून भाषा शिकवण्याचा धंदा इंटरनेटच्या कितीतरी आधीचा. जॅक रोस्टन यांनी १९०१ साली लंडनमध्ये 'लिंग्वाफोन' सुरू केले. आधी मेणाच्या नळकांड्यांवर आणि मग तबकड्यांवर परभाषेचे धडे मुद्रित होऊ लागले. पुस्तकातून न कळणारा उच्चार घरबसल्या पुन्हा पुन्हा ऐकता येणे, ही त्या काळी मोठीच सोय होती. १९४३ मध्ये बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे धडे सुरू केले आणि शिकणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. पण तबकडी असो वा रेडिओ, आवाज एकाच दिशेने जात होता. शिकणारा ऐकत होता. त्याचे मात्र कोणी ऐकत नव्हते.

ही उणीव अंशतः भरून काढली संगणकाने. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने १९६० साली 'प्लेटो' ही संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली. १९७० च्या दशकात तिच्या संचाला प्लाझ्माचा आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा आला. तिच्यावर रशियन, लॅटिन, एस्पेरान्तो यांसारख्या भाषांचे धडे होते. विद्यार्थ्याने टंकलेल्या उत्तरात शब्द मागेपुढे झाला किंवा अक्षर चुकले, तर त्या जागेखाली खूण उमटत असे. नुसते 'चूक' म्हणून न थांबता कुठे चुकले ते दाखवणारे हे यंत्र आजच्या अनेक ॲपांपेक्षाही समजूतदार म्हणावे लागेल.

२००३ साली स्काइप आले आणि दोन देशांतल्या दोन माणसांचे बोलणे जवळजवळ फुकट झाले. त्याच जोरावर २००७ मध्ये 'आयटॉकी'सारखी ठिकाणे उभी राहिली. तिथे शिक्षक आपला दर सांगतो, विद्यार्थी आपली वेळ निवडतो आणि शिकवणी जमते. करोनाच्या साथीने २०२० मध्ये हाच प्रकार प्रत्येक घरात नेला. तिथपासून थेट तासाची खरी परीक्षा सुरू झाली.

सेकंदाच्या पाचव्या भागाचे महत्त्व

गप्पा मारताना आपण समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत स्वस्थ बसून, मग विचार करून बोलत नाही. जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग भरले. इतक्या थोड्या वेळात उत्तर जुळवणे मेंदूला शक्य नसते. अर्थात ते प्रश्न ऐकता ऐकताच तयार होत असते.

आता या अंतरात इंटरनेट घाला. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. पण हा वेळ जाताना आणि येताना असा दोनदा लागतो. न्यू जर्सीतल्या मुलाने पुण्याच्या शिक्षिकेला नेहमीच्या चपळाईने उत्तर दिले तरी तिला ते प्रश्नानंतर अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. जोडणी मंद असेल तर आणखी उशिरा. समोरासमोर अर्धा सेकंद शांतता पसरली तर 'याला कळले नाही' असे वाटते. म्हणून शिक्षिका प्रश्न पुन्हा विचारते, किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकते. नेमक्या त्याच क्षणी मुलाचे उत्तर येऊन थडकते. दोन्ही आवाज एकमेकांत अडकतात, मग दोघेही 'बोला, बोला' म्हणतात आणि वाक्य हवेत विरते.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या शांततेचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. पडद्यावरच्या तासात तर मनातल्या मनात चारपर्यंत मोजूनच पुढे जावे. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तेवढा वेळ हवाच असतो आणि मधल्या तारेलाही.

याच कारणाने वर्गाने एका सुरात म्हणायचे पाठ ऑनलाइन तासात जमत नाहीत. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने येतो आणि बैठकीची प्रणाली एका वेळी एकाच आवाजाला पुढे करते. त्यापेक्षा सगळ्यांचे माइक बंद ठेवून प्रत्येकाने आपापल्या घरी मोठ्याने म्हणावे. शिक्षकाला ऐकू येत नाही हे खरे, पण लाजऱ्या विद्यार्थ्याला तेच सोयीचे पडते.

बोलण्याच्या वेळेचा हिशेबही करून पाहावा. बारा जणांच्या वर्गात संभाषणासाठी अर्धा तास ठेवला आणि एकेकाला पाळीपाळीने बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. त्याच बारा जणांच्या सहा जोड्या करून त्यांना वेगळ्या खोल्यांत पाठवले, तर प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतात. झूमसारख्या प्रणालीत ही वाटणी दोन-चार टिचक्यांत होते. शिक्षकाने खोल्याखोल्यांतून फिरावे आणि चुका तोंडाने सुधारत न बसता गप्पांच्या चौकटीत लिहून ठेवाव्यात. बोलणाऱ्याचा ओघ तुटत नाही आणि तास संपल्यावर त्याच्याकडे स्वतःच्या चुकांची यादी उरते.

कानाची तयारी

जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे. माणूस ओळखायला आणि बोलणे समजायला तो पुरे. पण 'स' या वर्णाची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून फोनवर नाव सांगताना 'स, सशाचा स' असे म्हणावे लागते. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलमध्ये आवाजाचा पट्टा बराच रुंद, बहुधा ७००० हर्ट्झपर्यंत किंवा त्याहून वर असतो. त्यामुळे आजचा ऑनलाइन तास कानासाठी जुन्या फोनपेक्षा खूपच चांगला आहे, मात्र माइक तोंडाजवळ हवा. महागडा कॅमेरा घेण्याआधी साधा माइकवाला हेडफोन घ्यावा. बहुतेक प्रणाली भोवतालचा गोंगाट आपणहून गाळतात. उच्चार शिकवताना ही गाळणी कमी करून पाहणे फायद्याचे. झूममध्ये तर मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची वेगळी सोयच आहे.

पण आवाज स्वच्छ पोचला म्हणजे तो ओळखता येतो असे नाही. जपानी भाषकांना इंग्रजीतल्या 'र' आणि 'ल' यांतला फरक ऐकूच येत नाही, हे प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी यावर केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जपानी श्रोत्यांना एकाच शिक्षकाचा आवाज ऐकवला नाही. वेगवेगळ्या माणसांनी म्हटलेले, वेगवेगळ्या जागी 'र' किंवा 'ल' असलेले शब्द ऐकवले आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले. काही आठवड्यांत श्रोत्यांचा कान सुधारला आणि कधीही न ऐकलेल्या शब्दांतही तो फरक त्यांना ओळखू येऊ लागला. आवाजांची विविधता हेच त्या प्रयोगाचे मर्म.

मराठी शिकणाऱ्याची अडचण कुठे असते? 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', 'त' आणि 'ट', 'प' आणि 'फ'. त्यातही 'च', 'ज', 'झ' या अक्षरांनी तर कहर केला आहे, कारण त्यांचे उच्चार दोन आणि लेखन एक. 'साऱ्या जगात' मधला 'ज' वेगळा आणि 'सुखाने जग' मधला वेगळा. 'चार माणसे' मधला 'च' वेगळा आणि 'गुरांचा चारा' मधला वेगळा. लिपी काही सुचवत नाही, तेव्हा हे कानानेच शिकावे लागते. यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको. शिक्षकाने शब्दांच्या अशा पंधरा-वीस जोड्या काढाव्यात, घरातल्या आणि ओळखीच्या पाच-सहा जणांकडून त्या व्हॉट्सॲपवर म्हणवून घ्याव्यात आणि विद्यार्थ्यांना 'कोणता ऐकला?' एवढेच विचारावे. आजी, शेजारचे काका, कॉलेजातली मुलगी, प्रत्येकाचा आवाज निराळा, आणि नेमके तेच हवे आहे. 'फोर्व्हो' या संकेतस्थळावरही अनेक भाषांतले शब्द त्या त्या भाषकांच्या तोंडून ऐकता येतात.

विसरण्याचा आलेख

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी श्रम पडतात ते मोजी. १८८५ साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. एका तासानंतर श्रमांची बचत ४४ टक्क्यांवर आलेली होती, एका दिवसानंतर ३४ वर आणि ३१ दिवसांनंतर २१ वर. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. म्हणजे उजळणी करायची ती विसरण्याच्या थोडे आधी, आणि प्रत्येक उजळणीनंतरचे अंतर वाढवत न्यायचे.

जर्मन पत्रकार झेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी खोक्यातल्या कप्प्यांची पद्धत लोकप्रिय केली. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये हेच गणित संगणकावर आणले. त्यांच्या प्रसिद्ध सूत्रात पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी येते आणि त्यापुढे प्रत्येक वेळी अंतर साधारण अडीचपट होते. म्हणजे मग पंधरा दिवस, मग सदतीस-अडतीस दिवस, असे वाढत जाते. कार्ड अवघड वाटले तर हा गुणक कमी होतो. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली काढलेले 'आंकी' हे सॉफ्टवेअर याच सूत्राच्या पायावर उभे राहिले. मराठीसह कोणत्याही भाषेची कार्डे त्यात स्वतः करता येतात, आवाज आणि चित्रेही जोडता येतात.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपचा कणाही हाच आहे. ग्वाटेमालात जन्मलेले लुइस फॉन आन आणि त्यांचे विद्यार्थी सेव्हरिन हाकर यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ही कल्पना आकाराला आणली आणि २०१२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. शिकणाऱ्यांकडून सरावाच्या ओघात इंटरनेटवरचा मजकूर भाषांतरित करून घ्यावा आणि त्यातून खर्च भागवावा, असा सुरुवातीचा बेत होता. तो पुढे सोडून देण्यात आला. २०१६ साली त्यांच्या संशोधकांनी प्रत्येक शब्दाच्या स्मरणाचा अर्धायुष्यकाल काढण्याची रीत प्रसिद्ध केली. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुष्यकाल मोजतात, तसाच हा हिशेब.

या यंत्रणांचे बळ आणि मर्यादा एकाच जागी आहेत. शब्द विसरू न देणे त्यांना उत्तम जमते. रोज हजेरी लावायला त्या भाग पाडतात, तुमची सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून आर्जवे करतात. पण साखळी टिकली म्हणजे भाषा आली असे होत नाही. चार पर्यायांतून बरोबर उत्तराला बोट लावणे आणि कोरे वाक्य स्वतः उभे करणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून कार्ड करताना शब्दासमोर नुसता अर्थ लिहू नये. वाक्यात रिकामी जागा ठेवावी आणि ती मोठ्याने भरावी. मराठीच्या बाबतीत नामाबरोबर त्याचे लिंगही आठवावे लागेल अशी योजना करावी: मोठा डोंगर, मोठी नदी, मोठे झाड. नुसते 'डोंगर, नदी, झाड' पाठ करणारा पहिल्याच विशेषणाला अडखळतो.

पडद्यावरची देवनागरी

इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकवणाऱ्याला जी अडचण कधी भेटत नाही, ती मराठीच्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी भेटते. एकेकाळी मराठी मजकूर त्या त्या फाँटच्या सोयीने साठवला जाई. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा प्रत्येकाची जुळणी निराळी. दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की पडद्यावर अगम्य चिन्हांचा ढीग दिसायचा, आणि शोधयंत्राला तर त्यात मराठी दिसतच नसे. भारतीय लिपींसाठीचे 'इस्की' हे मानक आणि त्याच्या आधारे युनिकोडमध्ये देवनागरीला मिळालेली जागा यांमुळे हा गोंधळ हळूहळू मिटला. मराठीचा स्वतंत्र 'ॲ' मात्र युनिकोडमध्ये २००८ सालच्या आवृत्तीत आला.

तरी एक पेच उरतोच. हा 'ॲ' आजही दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर. दुसरा म्हणजे 'अ'ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा 'र'ही दोन वाटांनी टंकता येतो. विद्यार्थ्याने अगदी बिनचूक उत्तर लिहावे आणि प्रश्नमंजूषेने त्याला चूक ठरवावे, असे त्यामुळे घडते. मूडलमध्ये किंवा गूगल फॉर्ममध्ये प्रश्न तयार करताना शिक्षकाने दोन्ही रूपे बरोबर उत्तरे म्हणून नोंदवून ठेवावीत. विद्यार्थी कोणत्या कळफलकावर टंकतो हेही आधी विचारावे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक नवख्याला सोपा वाटतो, पण त्यात ट-त, ण-न, ळ-ल यांचा गोंधळ होतो. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला काही दिवस जातात, पण तो प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र विचार करायला लावतो. लिपी शिकणाऱ्या मोठ्या माणसासाठी तोच जास्त उपयोगी.

यंत्राशी गप्पा

गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी आली २०१३ च्या मे महिन्यात. २०१७ पासून मराठीसाठी मज्जाजालांवर आधारलेली नवी पद्धत लागू झाली आणि वाक्ये बरीच सुधारली. त्याच वर्षी बोलून मराठी टंकण्याचीही सोय झाली. शिकणाऱ्याला ही दोन्ही साधने उपयोगी आहेत, फक्त ती काय करतात हे ठाऊक हवे.

भाषांतरयंत्राला इंग्रजीत जे नसते ते मनाने भरावे लागते. इंग्रजीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत फरक नाही; यंत्र एकाची निवड करते. आपण जाऊ की आम्ही जाऊ, म्हणजे ऐकणाऱ्याला सोबत घ्यायचे की मागे ठेवायचे, हेही इंग्रजी सांगत नाही. तू, तुम्ही की आपण, हा तर नात्याचाच प्रश्न. हे सगळे ठरवायला प्रसंग लागतो आणि तो यंत्रासमोर नसतो. शिक्षकाने हीच उणीव तासाचा विषय करावी: यंत्राचे भाषांतर पडद्यावर मांडावे आणि विचारावे, 'हे कोण कोणाला म्हणत असेल?'

बोलून टंकण्याची सोय परीक्षक म्हणून फार सौम्य आहे. ती आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते, त्यामुळे विद्यार्थ्याचा 'ळ' चुकला तरी पडद्यावर बरोबर शब्द उमटू शकतो. उच्चार तपासायचा तर पूर्ण वाक्य न बोलता सुटे शब्द बोलून पाहावेत. अंदाजाला तेवढा आधार उरत नाही.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि पुढच्याच वर्षी ड्युओलिंगोने तशाच तंत्रावर आधारलेल्या संवादाची सोय दिली. न कंटाळणारा, मध्यरात्रीही हजर असणारा सोबती मिळाला, यात शंका नाही. बाजारात भाजी घेण्याचा प्रसंग हवा तितक्या वेळा घोकून घेता येतो आणि चुकताना लाज वाटत नाही. मात्र मराठीत या यंत्रांची वाक्ये कधी हिंदीच्या वळणाने जातात, कधी इंग्रजीच्या, आणि चूक असली तरी सांगण्याचा आत्मविश्वास तसूभर कमी होत नाही. मराठी येणाऱ्याला ते लगेच खटकते, शिकणाऱ्याला नाही. म्हणून सरावासाठी यंत्र, निवाड्यासाठी माणूस, हीच विभागणी ठेवावी.

मराठीचा वर्ग कसा मांडावा?

ऑनलाइन मराठी शिकणारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांना एका वर्गात बसवणे दोघांवरही अन्याय आहे. पहिला गट नव्याने येणाऱ्यांचा: नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेले, मराठी घरात लग्न झालेले, संशोधक. त्यांच्यासाठी चांगली परंपरा आहे. १९७० च्या दशकात मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे धडे आणि व्याकरण तयार केले. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने 'माय मराठी' ही अभ्यासमाला सिद्ध केली. परदेशी भाषा शिकवण्याचा अनुभव मराठीच्या कामी आला, हे त्यातले विशेष. युरोपीय परिषदेने २००१ साली मांडलेली ए१ ते सी२ ही पायऱ्यांची मोजणी इथे उपयोगी पडते. विद्यार्थ्याला किती व्याकरण ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय करता येते, हे ती विचारते: पत्ता विचारता येतो का, फोनवर निरोप देता येतो का.

दुसरा गट परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांचा. त्यांना 'जेवायला ये' कळते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देतात. कान तयार, जीभ बंद. त्यांना 'हे झाड आहे' पासून सुरुवात करायला लावले तर ती कंटाळतात. त्यांना बोलण्याचे कारण हवे आणि अक्षरओळख हवी. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठामार्फत त्यांच्या परीक्षाही होतात. अशा शाळांना भारतातल्या शिक्षकांची जोड ऑनलाइन सहज मिळू शकते, फक्त घड्याळ सांभाळावे लागते. न्यूयॉर्कला सकाळी दहाचा तास उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसातला असतो. नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे जातात आणि तोच तास रात्री साडेआठला होतो.

आठवड्याची मांडणी दोन्ही गटांसाठी एकच ठेवता येईल. रोज दहा-पंधरा मिनिटे कार्डे आणि ऐकणे, तेही फोनवर. आठवड्यातून दोनदा एक मिनिटाचा आवाजी निरोप, ज्याला शिक्षकाने आवाजातच उत्तर द्यावे. एकदा थेट तास आणि त्यात फक्त बोलणे. नवे शब्द तासाआधी पाठवून द्यावेत, व्याकरणाचे स्पष्टीकरण पाच मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीत आधी पाहून घ्यावे. शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश शोधता येतो, आणि नवख्यांसाठी बर्नसन-निंबकर यांचा छोटा कोशही तिथेच आहे.

आता काम आपले

ड्युओलिंगोच्या पहिल्या दहा वर्षांत इंग्रजी भाषकांसाठी आयरिश आली, हवाईयन आणि नवाहो आल्या, २०१८ मध्ये हिंदीही आली. मराठी आली नाही. आयरिश किंवा हवाईयन बोलणाऱ्यांची संख्या मराठी भाषकांच्या तुलनेत नगण्य आहे. पण आपल्या भाषेची साधने व्हावीत म्हणून खपणारी माणसे त्या भाषांकडे होती. मोठी लोकसंख्या आपोआप साधने निर्माण करत नाही.

या साधनांचा कच्चा माल सामान्य माणसाच्या हाती आहे. मोझिला संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या 'कॉमन व्हॉइस' या उपक्रमात कोणीही मराठी वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो, दुसऱ्यांनी वाचलेली वाक्ये तपासू शकतो. जमा झालेला आवाज कोणालाही मोफत वापरता येतो. विकिमीडियाच्या 'लिंग्वा लिब्रे' प्रकल्पात सुट्या शब्दांचे उच्चार मुद्रित करता येतात आणि ते विक्शनरीत जोडले जातात. पुण्या-मुंबईचेच आवाज जमा झाले तर यंत्राला मराठी म्हणजे तेवढीच वाटेल. जळगाव, चंद्रपूर, नांदेड, सावंतवाडी, बेळगाव इथले आवाज त्यात आले पाहिजेत, बायकांचे आले पाहिजेत, वृद्धांचे आले पाहिजेत. हे प्रकरण वाचून झाल्यावर फोन हाती घ्या आणि दहा वाक्ये वाचा. मराठी शिकू पाहणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा कान त्यातून घडेल.